आईची फुली

क्रॉसर्स टिकल, प्लासेन्शिया उपसागर,
न्यूफाउंडलंड
३ मार्च १९६७

प्रिय हेडली,

तुझं पार्सल कालच्या आगबोटीनं आलं. आत लाल पानाचा नवा झेंडा आणि चार पानं भरून प्रश्न. खापरपणजोबा कुठल्या गलबतातून उतरले, पहिलं घर कुठल्या खडकावर बांधलं, कॅनडाच्या शंभराव्या वाढदिवसाला आपलं गाव काय करणार आहे. अरे, मी तुला मागितलं काय आणि तू पाठवलंस काय? ख्रिसमसच्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, आईला दोन ओळी लिही. तेवढं सोडून सगळं आलं.

कॅनडा शंभर वर्षांचा झाला, आनंद आहे. आपल्याला त्यात येऊन अजून वीससुद्धा झाली नाहीत. पाहुणे म्हणून आलो आणि केक आपणच कापायचा म्हणतोस.

पुन्हा लिहिते, आता तरी नीट वाच. सरकारचं म्हणणं, बेटांवरच्या गावांनी उठून किनाऱ्याला यावं. तिथे रस्ता आहे, शाळा आहे, नर्स आहे. घर हलवायला मदत देणार, जागा देणार. अट एवढीच की गावातल्या दहातल्या नऊ घरांनी अर्जावर सही केली पाहिजे. आम्हाला एक घर कमी पडतंय आणि ते घर आपलं आहे. बाबा गेल्यापासून घर आईच्या नावावर. तिला लिहिता येत नाही, फुली मारायची तेवढी. तीही मारत नाही. का म्हणून विचारलं तर म्हणते, "हेडली सांगेल तर मारीन." आणि परत विणायला लागते.

तिला काय समजवायचं ते मी समजावून झालं. पाद्रीबाबा समजावून गेले. म्हातारा गार्लंड रोज येतो, स्टोव्हपाशी बसतो, काकवी घातलेला चहा पितो आणि आईकडे बघत उठून जातो. एक शब्द बोलत नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. गावातल्या बायका आता मला बघून विहिरीवरची वाट बदलतात, जसं काही मीच सगळ्यांना बांधून ठेवलंय.

दोन ओळी, हेडली. "आई, फुली मार." झालं.

तुझी बहीण,
मेल्व्हिना

हॅमिल्टन, ऑन्टारिओ
२८ मार्च १९६७

प्रिय मेल्व्हिना,

पत्र मिळालं. तू प्रश्नांची उत्तरं पाठवली नाहीस तरी मी इथल्या ग्रंथालयातून बरंच काही मिळवलं आहे. आमच्या मोहल्ल्याची शताब्दी समिती आहे आणि तिनं मला, एका पोलाद कामगाराला, भाषणासाठी निवडलं आहे. विषय : 'माझं गाव, माझा देश.' एक जुलैला, भर बागेत, बँडच्या आधी. इथे प्रत्येक गाव शताब्दीसाठी काही ना काही करतंय. कुणी वाचनालय बांधतंय, कुणी झाडं लावतंय. कुठल्याशा गावानं तर म्हणे जुने संडास एकत्र आणून त्यांची होळी केली. मग आपलंच गाव मागे का?

तर ऐक. मी स्वखर्चानं एक पितळी पाटी करून घेतली आहे. "पार्डी कुटुंब येथे १७९० पासून वस्ती करून आहे." ती धक्क्याच्या खडकावर बसवायची. एक जुलैला सकाळी सगळ्यांनी जमायचं, नवा झेंडा चढवायचा, तुझ्या एलमला अकॉर्डियन वाजवू दे, तू केक कर. त्याच घटकेला मी इथे भाषण करत असेन. कल्पना कर, देशाच्या दोन टोकांना एकच कुटुंब.

अर्जाबद्दल म्हणशील तर घाई करू नका. ज्या खडकावर आपल्या पाच पिढ्या राबल्या तो एका सहीनं सोडायचा? अशी गावं म्हणजे या देशाचा कणा आहेत. आईला ते कळलं आहे. तुम्हा सगळ्यांना वाटतं ती हट्टीपणा करते, पण मला तिच्या मनातलं बरोबर समजतं. तिला माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, मला तुझा अभिमान वाटतो.

तुझा भाऊ,
हेडली

क्रॉसर्स टिकल
२० एप्रिल १९६७

हेडली,

तुझं पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळी तुझी पत्रं मीच वाचते आणि तिची उत्तरंही मीच लिहिते, तेव्हा तुझं शहाणपण दोनदा गिळावं लागतं मला. "अभिमान वाटतो" इथवर आले तेव्हा आईनं विणकाम खाली ठेवलं आणि म्हणाली, "म्हणजे सांगितलं नाहीच त्यानं." एवढंच. तुला तिच्या मनातलं बरोबर समजतं, नाही का?

आता एक जुलै. तुला लाज कशी वाटली नाही रे लिहायला? केक आणि अकॉर्डियन! एक जुलैला सकाळी इथे झेंडा अर्ध्यावर असतो. कोटाला निळी फुलं लावून सगळं गाव चर्चपाशी उभं राहतं आणि नावं वाचली जातात. त्यात लिअँडर पार्डी हे नाव असतं. आपला काका. बाबांचा धाकटा भाऊ, सोळा सालच्या महायुद्धात, एक जुलैच्या त्या एका सकाळी फ्रान्समध्ये इतर सगळ्या पोरांबरोबर कापला गेलेला. तू लहान असताना बाबांचं बोट धरून तिथे उभा राहायचास आणि थंडी वाजते म्हणून रडायचास. तिकडे गेल्यावर तो दिवस नुसता कॅनडाचा वाढदिवस झाला होय? दुपारनंतर करा म्हणावं तिकडच्यांना काय करायचं ते. सकाळ आमची आहे. तू हे विसरलास यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

आणि कणा म्हणे. कणा मोडलाय आमचा. मास्तर ईस्टरला गेला तो परत येणार नाही. दुसरा कुणी यायला तयार नाही. आगबोटही पुढच्या वर्षी बंद होईल असं बोलतात. हे सगळं चालवून घेतलं असतं मी. पण तुला एक लिहिलं नव्हतं. गेल्या वर्षी जानेवारीत एलमच्या रूबीला दिवसांआधीच कळा सुरू झाल्या. खाडीत बर्फ इतका की नर्सची होडी निघालीच नाही. मी आणि गार्लंडची बायको, आम्ही दोघीच. रूबी वाचली. मूल नाही वाचलं. एलमनं स्वतः पेटी ठोकली, आणि जमीन गोठलेली म्हणून पुरायलाही मार्चपर्यंत थांबावं लागलं. माझा मुलगा तेव्हापासून हसलेला मी पाहिला नाही.

रूबीला परत दिवस गेलेत. बाळ नोव्हेंबरअखेर होईल. माझी सून यंदाचा हिवाळा या बेटावर काढणार नाही, मग जगातल्या सगळ्या पितळी पाट्या आणून ठोक. एलम म्हणतो, मदत नाही तर नुसत्या हातांनी जाऊ. पण जागा कोण देणार, घर कशाच्या जोरावर नेणार? सगळं त्या एका फुलीवर येऊन अडलंय.

आता तरी लिहिशील ना?

मेल्व्हिना

हॅमिल्टन
१५ मे १९६७

प्रिय मेल्व्हिना,

तुझं पत्र खिशात घालून मी आठवडाभर कामावर गेलो. बाळाचं मला माहीत नव्हतं. एलमला काय लिहू ते सुचत नाही. एक जुलैबद्दल माझी चूक झाली. तू शिव्या दिल्यास ते बरंच झालं.

तू विचारशील, हे शताब्दीचं खूळ कुठून आलं. सांगतो. कारखान्यात अठरा वर्षं झाली मला. इथे न्यूफाउंडलंडवाल्यांना चिडवून न्यूफी म्हणतात. अजूनही जेवणाच्या सुट्टीत "न्यूफी, तुमच्याकडे वीज आली का रे?" चालूच असतं. माझ्याच उच्चारात मला गोष्टी सांगतात, एक न्यूफी होता म्हणून, आणि मी हसतो. काय करणार. माझ्या शेजारच्या भट्टीवर मिकोला आहे, तो युक्रेनहून लढाईनंतर आला. त्याला कुणी विचारत नाही तू कुठल्या देशाचा. मला विचारतात. समितीनं भाषणासाठी बोलावलं तेव्हा मी ठरवलं, यांना एकदा सांगायचंच की आम्ही तुमच्या आधीपासून इथे आहोत, तुमचा देश व्हायच्या आधीपासून. तेवढ्यासाठी मला ते गाव जागच्या जागी हवं होतं. तुम्ही तिथे राहताय म्हणून मी इथे कुणीतरी आहे. हे स्वार्थी आहे, कळतं मला.

पण आईला "फुली मार" असं मी लिहिणार नाही. ते माझ्यानं होणार नाही. तुला अठ्ठेचाळीस साल आठवतं. कॅनडात जायचं की नाही याचं मतदान. आपल्या गावात कॅनडाच्या बाजूनं दोनच मतं पडली. एक माझं, ते तर मी छातीठोकपणे सांगत फिरत होतो. दुसरं कुणाचं हे बाबांनी तिथल्या तिथे ओळखलं. "आईचे कान भरलेस" म्हणाले, आणि त्यानंतर मरेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मी खरंच भरले होते. महिनाभर तिच्या स्टोव्हपाशी बसून कॅनडा कॅनडा करत होतो. तिला फुली मारायला लावली, घरात आग लावली आणि स्वतः इकडे निघून आलो. एकदा केलं ते पुरे. बाबांचं घर मोडायची फुलीही माझ्याच सांगण्यावरून पडली असं मला नको आहे.

तिला वाचून दाखव : आई, तुझ्या मनाला येईल तसं कर.

हेडली

क्रॉसर्स टिकल
६ जून १९६७

हेडली,

वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मनाला येईल तसं? मग मी नाही मारत. त्याला म्हणावं इथे ये, या टेबलाशी बस आणि तोंडानं सांग." मी म्हटलं, अगं पण त्याला येणं किती लांब, तू सांग मला काय सांगायचंय, मी लिहिते. तर माझ्याकडे बघून म्हणते कशी, "तू लिहितेस म्हणून तर."

याचा अर्थ मला कळला नाही आणि तुला कळला असेल असंही वाटत नाही. मी तुम्हा दोघांपुढे हात टेकले.

अठ्ठेचाळीस सालचं तू काढलंस म्हणून बोलते. इतकी वर्षं बोलले नव्हते. तू गेलास, सुटलास. मी इथे होते. माझा अँब्रोज आदल्या शरदात बुडालेला, मी विधवा, पदरात तीन पोरं, एलम चार वर्षांचा, आणि बाबा जेवताना समोर बसून ताटात बघत राहायचे. त्यांना सगळ्यात जास्त काय लागलं माहितेय? कॅनडा नाही. आपल्या बायकोनं आपल्यामागे जाऊन फुली मारली हे. आणि ते तुझ्यामुळे. शेवटच्या आजारात त्यांची उशी मी बदलायचे, तेव्हाही ते भिंतीकडे तोंड करून तुझ्याच नावानं बडबडायचे. मी बाबांच्या बाजूची होते, आहे. तुला हे ठाऊक असू दे. तरीही आज तुझ्याकडे पदर पसरते, कारण रूबीचं पोट दिसायला लागलंय.

सरकारी माणूस जुलैअखेर येणार आहे. तोवर अर्ज पुरा नसेल तर यंदाचं वर्ष गेलं. तू येणार असशील तर ये. येणार नसशील तर कृपा कर आणि आणखी झेंडे पाठवू नकोस. आधीचा रूबीनं कोंबड्यांच्या खुराड्याला वारा अडवायला लावलाय.

मेल्व्हिना

हॅमिल्टन
१९ जून १९६७

मेल्व्हिना,

येतोय. रजा मिळाली. आधी गाडी, मग नॉर्थ सिडनीहून जहाज, मग तुमची आगबोट. एक तारखेच्या सकाळी चर्चपाशी पोचायचा प्रयत्न करतो. धुकं पडलं तर नाइलाज.

भाषण आता मिकोला वाचणार आहे. त्यानं जन्मात गळ हातात धरलेला नाही. 'माझे पूर्वज कॉड मासा खारवीत' हे वाक्य तो आरशासमोर उभा राहून घोकतोय.

हेडली

गाडीत, क्विबेक ओलांडल्यावर
१५ जुलै १९६७

प्रिय मेल्व्हिना,

धक्क्यावर तू मला मिठी मारलीस आणि कानात म्हणालीस, "तुझ्या एका शब्दानं झालं, मेल्या, मग सहा महिने का घालवलेस?" तेव्हा मी तसाच बोटीत चढलो. आईनं बजावलं होतं, "तिला सांग, पण तिच्या तोंडाच्या टप्प्याबाहेर गेल्यावर सांग." आता मी पुरेसा लांब आलोय.

माझ्या शब्दानं काही झालेलं नाही. त्या दिवशी ऊन पडलं आणि तुम्ही सगळ्या मासे वाळत घालायला मांडवावर गेलात, आठवतं? आम्ही दोघंच घरात राहिलो. मी टेबलाशी बसलो, घसा साफ केला, म्हटलं, "आई, फुली मार." ती म्हणाली, "ती मी मारणारच आहे रे. रूबीला काय मी इथे मरू देईन? तुला बोलावलं ते दुसऱ्याच कामाला. दार लाव."

मी दार लावलं. मग ती सांगायला लागली, हातातलं विणकाम न थांबवता. म्हणाली, "अठ्ठेचाळीस साली तू इथे बसून महिनाभर बडबडलास. मी त्यातलं निम्मंसुद्धा ऐकलं नाही. तुझे ते देश नि इतिहास नि रेल्वे. मला एवढंच कळलं होतं, की कॅनडात गेलं तर मुलांसाठी दर महिन्याला पैसे येतात आणि ते आईच्या नावानं येतात. आजोबाच्या नाही, उधारी देणाऱ्या व्यापाऱ्याच्या नाही. आईच्या हातात. मेल्व्हिनाची तीन पोरं माझ्या घरात तुझ्या बाबाचं तोंड बघून जेवत होती. धाकटी तर दुसऱ्यांदा वाढून घ्यायला घाबरायची. मी ते बघितलं आणि फुली मारली. कुणी मारायला लावली नाही."

मी विचारलं, मग बाबांना सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर त्याला वाटलं असतं, बायकोला त्याच्या हातचं अन्न कमी वाटलं. मुलानं कान भरले हे त्याला सोसण्यासारखं होतं. तू तर जायला निघालाच होतास. तुझ्यावर गेलं ते जाऊ दिलं. मला याच घरात राहायचं होतं." मग ओळ संपवून म्हणाली, "घर हलायच्या आधी तुला सांगायचं होतं. पत्रात कसं सांगू? पत्र ती लिहिते."

मेल्व्हिना, एकोणीस वर्षं मी समजत होतो की मी आईला कॅनडात नेलं. तिनंच आपल्या सगळ्यांना नेलं, आणि मी मात्र भाषणं लिहीत बसलो.

मला तिचा राग आला होता, खोटं सांगत नाही. बाबा माझ्याशी न बोलता गेले. ते मी तिला म्हटलंसुद्धा. ती म्हणाली, "हो. ते माझ्यामुळे." आणि टाके मोजत राहिली. संध्याकाळी तिनं तुम्हा सगळ्यांसमोर फुली मारली, गार्लंडनं टोपी काढली आणि तू रडलीस. तुला वाटलं मी जिंकलो.

तुझा,
हेडली

हॉजेस आर्म
२४ सप्टेंबर १९६७

प्रिय हेडली,

तुझं पत्र जुलैतच मिळालं. उत्तराला उशीर झाला कारण घर हलवत होतो, आणि कारण मला कुणाशीच बोलायचं नव्हतं.

घर आलं. खाली पिंपं बांधून भरतीला पाण्यात लोटलं आणि दोन मोटारहोड्यांनी ओढत आणलं. सगळे पुरुष दोराला होते, एलम सगळ्यांत पुढे. इकडे लोकांनी आम्हाला रस्त्याच्या कडेला जागा दिलीय, तीही उतरती. दारं बसत नाहीत. घराचं तोंड रस्त्याकडे आणि पाठ समुद्राला, म्हणून आई रोज माझ्यावर चिडते, जशी काही खाडी मी हलवली. दुकानदार आम्हाला 'ती बेटावरची' म्हणतो. नर्सचं घर मात्र खिडकीतून दिसतं. रूबी दर गुरुवारी चालत जाते आणि चालत येते. एलम परवा हसला, म्हणजे माझ्यावरच हसला, पण हसला. तू आणलेली ती पितळी पाटी आई गरम किटलीखाली ठेवते. म्हणते, बरोबर मापाची आहे.

आता त्या गोष्टीबद्दल. पत्र वाचलं तेव्हा आधी मला दोघांचा संताप आला. एका गोष्टीसाठी तिनं अख्खं गाव वेठीला धरलं, मला बायकांच्या नजरा खायला लावल्या, आणि हे सगळं मला कळू नये म्हणून! मी, जी रोज तिचे केस विंचरते. मग राग तसाच राहिला पण आणखी काहीबाही आठवायला लागलं. दर महिन्याला माझ्या नावाचं ते सरकारी पाकीट यायचं आणि बाबा जेवणावरून उठून बाहेर जायचे. मला वाटायचं, तुझी आठवण येऊन संतापतात. मी ते पैसे घ्यायचे, पोरांना बूट आणायचे आणि मनातल्या मनात तुला शिव्या द्यायचे. बूट आणि शिव्या, दोन्ही एकाच दिवशी.

आणि तुला एक माहीत नाही. मीही त्या दिवशी मत दिलं होतं. बाबांबरोबर, कॅनडाच्या विरुद्ध. त्यांचा हात धरून गेले होते, ताठ मानेनं. माझ्याच पोरांच्या तोंडच्या घासाविरुद्ध फुली मारून घरी आले, आणि आईनं मला चहा दिला.

शेवटी गेल्या रविवारी तिला विचारलंच. ती मागच्या दारात खुर्ची टाकून समुद्राकडे बघत बसली होती. म्हटलं, आई, हेडलीला सांगितलंस, मला का नाही? माझ्यासाठी केलंस आणि मलाच नाही? बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हा तरी सांगायचंस.

ती म्हणाली, "तेव्हा सांगून काय, तू त्याच्यासाठी रडत होतीस. आणि आधी सांगितलं असतं तर तू जाऊन बाबाला सांगितलं असतंस."

मी म्हटलं, नसतं सांगितलं. ती म्हणाली, शाल आण.

मी शाल आणायला आत गेले आणि तिथेच उभी राहिले.

सांगितलं असतं, हेडली. त्याच दिवशी सांगितलं असतं.

मेल्व्हिना